ग्रिट दिलं म्हणजे कॅल्शियम दिलं असं नाही

पावसाळा संपतो, पिसं गळून नवी येतात, लोक जोड्या लावायला घेतात आणि दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो. कबुतराच्या मादीने पातळ कवचाचं अंडं घातलं, काय देऊ? उत्तर पण ठरलेलं, "अरे ग्रिट दे ना", म्हणजे दाण्याबरोबर टिपायला ठेवतात ते बारीक खडे-चुरी. मग विचारलं की ग्रिट म्हणून काय देतोस, तर वाळू आणि विटेचा चुरा. म्हणजे मादीला हवंय एक आणि आपण वाडग्यात टाकतोय दुसरंच, आणि वर मनाचं समाधान की आपण सगळं दिलं. हे मला बघवत नाही, कारण यात मादी जाते, आणि ती न कळण्यासारख्या कारणाने जात नाही.

आधीच सांगतो, हे ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, पाळलेल्या कबुतरांबद्दल आहे, जात लक्का, शिराजी, गिरेबाज, होमर काय असेल ती. कबुतरखान्यावर जाऊन पारव्यांना दाणे टाकणं हा पूर्ण वेगळा विषय. आणि दाण्याबद्दलही मी फार बोलणार नाही, ते सगळ्यांना येतं. ज्वारी, बाजरी, गहू, मका हा पाया, पिल्लं असतील तेव्हा वाटाणा, हरभरा, मूग, मसूर वाढवायचं, पाणी रोज ताजं. झालं.

आता गोंधळाची जागा. ग्रिट या नावाखाली आपल्याकडे दोन गोष्टी एकत्र विकल्या जातात. एक म्हणजे दगड, ग्रॅनाइट किंवा गारेचे बारीक खडे. दुसरी म्हणजे शिंपल्याची चुरी. रंगाने थोडी वेगळी, आकाराने सारखीच, पाकीट एकच, वाडगा एकच, आणि कबुतर दोन्ही टिपून खातं, त्यामुळे माणसाला वाटतं की हे एकच काहीतरी आहे. किंमत, रंग, कुठल्या दुकानात मिळतं हे फरक सोडून द्या, त्याने काही बिघडत नाही. फरक एकच लक्षात ठेवायचा: खडा पोटात राहतो, शिंपला पोटात विरघळतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

खड्याचं काम बघा. कबुतराला दात नाहीत आणि ते दाणा सोलत पण नाही, अख्खा गिळतं. दाणा आधी गळ्याच्या थैलीत भिजतो, मग पुढे जठरात आम्ल लागतं आणि शेवटी त्या जाड स्नायूच्या पोट्यात जातो, तिथे हे खडे जात्यासारखं काम करतात. दगड आम्लात विरघळत नाही, हळूहळू झिजतो, म्हणून एकदा खाल्लेले खडे बरेच दिवस तिथेच राहतात. म्हणून चार दिवस खडे घालायला विसरलात तर पक्ष्याचं काही अडत नाही. पण अंड्याचं कवच बनवायला त्या खड्यातून मादीला काहीही मिळत नाही. वीट पण तशीच, भाजलेली माती आहे ती, दळायला चालेल, कवचाला उपयोग शून्य. बांधकामाची बारीक वाळू तर दळायलाही कामाची नाही, ती तशीच बाहेर पडते.

शिंपल्याचं उलट. शिंपला म्हणजे जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेट, आणि अंड्याचं कवच पण साधारण ९५ टक्के तेच. आम्ल लागलं की विरघळतो आणि रक्तात जातो. तुकडा कडक असतो म्हणून थोडा वेळ दळायला मदत करत असेल, पण टिकत नाही. म्हणून शिंपला आठवड्यातून एकदा मूठभर देऊन चालत नाही, अंड्याच्या दिवसांत तो रोज समोर असायला लागतो.

आता जे खरं नुकसान करतं ते सांगतो आणि इथे प्लीज नीट वाचा. तुम्ही मिक्स ग्रिटचं पाकीट आणलं, वाडग्यात ओतलं. जोड्या लागलेल्या माद्या येतात आणि त्यातला शिंपला वेचून वेचून खातात, कारण त्यांच्या अंगाला तोच हवा असतो. दोन दिवसांत शिंपला संपतो. वाडग्यात उरतात खडे. आणि तुम्ही रोज ढाबळीत जाता, बघता, वाडगा अर्ध्याच्या वर भरलेला दिसतो, म्हणता की ग्रिट आहे अजून, आणि पुढचे पंधरा दिवस त्यात काही घालत नाही. वाडगा भरलेला आहे आणि कॅल्शियम संपलेलं आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. मग पातळ अंडं आलं की लोक म्हणतात ग्रिट तर होतं की, म्हणजे काहीतरी रोग असणार, आणि अँटिबायोटिक सुरू करतात. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की मिक्स पाकीट घेऊच नका, दोन वाडगे ठेवा, एकात फक्त खडे, एकात फक्त शिंपला. मग काय संपलं ते नजरेला दिसतं, अंदाज करावा लागत नाही.

दाण्यातून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशोब. ज्वारी किंवा बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम साधारण ३० मिलिग्रॅमच्या आसपास, मक्यात त्याहून कमी. कबुतर दिवसाला खातं ३०-४० ग्रॅम, म्हणजे अशा दाण्यातून मिळालं साधारण ९-१२ मिलिग्रॅम. एका अंड्याच्या कवचात साधारण अर्धा ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम, आणि मादी अंडी घालते दोन, पहिल्यानंतर दुसरं साधारण ४०-४४ तासांनी. कडधान्यात जास्त असतं, मान्य, पण एवढी दरी त्याने भरत नाही. त्यात धान्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि तो कॅल्शियम नीट लागू देत नाही, त्यामुळे नुसता दाणा वाढवून उपयोग नाही.

मग शिंपला न देता पण अंडी येतात ती कशी? तर मादीच्या हाडांतून. अंडं घालायच्या आधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत तात्पुरतं नवं हाड साठतं, कॅल्शियमची शिल्लकच ती, आणि कवच बनताना ती वापरली जाते. हे १९३४ साली पहिल्यांदा लिहिलं गेलं तेही कबुतराच्या मादीवरच अभ्यास करून. म्हणजे पहिली जोडी अंडी चांगली आली याचा अर्थ तुमचा खुराक बरोबर आहे असा होत नाही, ती साठवणीवर आली असतील. खरं कळतं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, तेव्हा अंडी पातळ होतात, मादी पाय ओढते, किंवा अंडं अडतं. म्हणून शिंपल्याचा वाडगा जोडी लावायच्या दोनेक आठवडे आधीच ठेवायचा, अंडं दिसल्यावर नाही.

शिंपला आणायचा कुठून? कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारूच नये, घरात तिसऱ्या, कालवं होतात, ती कवचं टाकू नका. गोड्या पाण्याने चांगली धुवायची म्हणजे खारटपणा जातो, उकळून वाळवायची आणि खलबत्त्यात कुटायची, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. एकदम पीठ करू नका, पीठ कबुतर नीट टिपत नाही, आणि तुकडा पोटात हळूहळू विरघळतो हेच आपल्याला हवं असतं कारण कवच बनायचं काम रात्रीही चालू असतं. घाटावर असाल तर कोंबडीच्या अंड्याची टरफलं, पण कच्ची कधीच नाही, उकळून किंवा तव्यावर चांगली भाजून, नाहीतर साल्मोनेलाचे जंतू घरी आणाल. समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, पण चालतो, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो.

पानाचा चुना देऊ नका. शिंपल्यापासूनच चुना होतो हे खरं, पण तो भट्टीत जाळून, आणि जाळल्यावर तो दाहक होतो, पाणी घातलं तरी दाहकच राहतो. तव्यावरच्या भाजण्याने तसं होत नाही म्हणून भाजलेली टरफलं चालतात आणि चुना चालत नाही. पाण्यात टाकायच्या कॅल्शियमच्या बाटलीवर पण माझा विश्वास नाही, कुठला पक्षी किती प्यायला हे कळत नाही, आणि त्यात डी३ जीवनसत्त्व असेल तर जास्त झालेलं किडनीला बाधतं. वाडग्यातला शिंपला पक्षी हवा तेवढा घेतो.

डी३ वरून ऊन. ग्रिल बंद करून काच लावलेल्या गॅलरीत ढाबळ असेल तर शिंपला कितीही द्या, नीट शोषला जाणार नाही, कारण डी३ बनायला लागणारा किरण काचेतून येत नाही. रोज थोडा वेळ थेट ऊन लागायलाच हवं.

आणि एक, पिल्लं आली की शिंपल्याचा वाडगा उचलायचा नाही. अंडी साधारण १७-१८ दिवसांत फुटतात, पहिले चार-पाच दिवस नर-मादी दोघंही गळ्यातलं दूध भरवतात, मग दाणा मिसळायला लागतात, आणि त्या दाण्याबरोबर खडा आणि शिंपला पण पिल्लाच्या पोटात जातो, वाढत्या हाडांना तो लागतो. वर पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालते, म्हणजे तिच्यावर दोन्हीकडून ताण. नेमका याच वेळी लोक अंड्यांचं काम झालं म्हणून वाडगा रिकामा ठेवतात. मी सलग दोन खेपांनंतर नर-मादी वेगळे करतो, हाडं भरून यायला वेळ मिळतो. आणि मादी फुगून जमिनीवर बसली, जोर लावतेय, पाय टेकवत नाही असं दिसलं तर शिंपला, तेल, शेक यात वेळ घालवू नका, अंडं अडलेलं असू शकतं, तिला उबेत ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.