शंभरपर्यंत म्हणतो, पण सात चिंचोके मोजतो का?

पाहुणे आले की आपल्याकडे लेकराला पुढे करायचं ठरलेलं, "काकांना आकडे म्हणून दाखव", आणि ते एका दमात पन्नासपर्यंत जातं, सगळे खुश. पण हे झालं आकडे म्हणणं. मोजणं वेगळं.

त्याच पोरासमोर सात चिंचोके ठेवा. बोट एकावर, तोंड पुढच्या आकड्यावर, एखादा सुटतो, एखादा दोनदा मोजला जातो. आणि समजा नीट सातपर्यंत आलंच, तर लगेच विचारा "मग किती आहेत?", बरीचशी तीन वर्षांची मुलं परत एकपासून सुरू करतात! शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे अजून डोक्यात बसलेलंच नसतं. "मला चार दे" म्हणाल तर मूठभर देतील.

गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघा अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजणीचे पाच नियम मांडले, आकडे ठरल्या क्रमाने म्हणणं हा त्यातला फक्त एक. आपण त्या एकावरच टाळ्या वाजवतो.

म्हणणं वाईट नाही हां. मराठीत तर एकोणतीस, त्रेचाळीस, अठ्ठ्याहत्तर असं जवळपास सगळंच पाठ करावं लागतं (२०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता), त्यासाठी गाणी, टाळ्या, जिना चढताना म्हणणं, मस्त चालतं.

मोजायला मात्र हातात वस्तू हवी. भातुकलीत चार पाहुणे बसवा, प्रत्येकाला एक वाटी मांडायला सांगा, एकाला एक ही जोडी इथेच जमते, आकडा तोंडातून नाही आला तरी चालेल. रांगोळीचे ठिपके काढायला द्या, एका ओळीत पाच. चिंचोके मोजताना मोजलेला बाजूला सरकवायचा, म्हणजे गोंधळ कमी.

माझा आवडता प्रकार म्हणजे बाहुलीला मोजायला लावायचं आणि तिने मुद्दाम चुकायचं, एक चिंचोका गाळायचा, नाहीतर एकच दोनदा मोजायचा. ज्यांना स्वतःला अजून नीट जमत नाही तीसुद्धा बाहुलीची चूक पकडतात, वर तिला रागावतात, "अगं हा राहिला ना!" मग पुढच्या वेळी बाहुलीने मधल्याच चिंचोक्यापासून सुरू करून सगळे बरोबर मोजायचे, आणि विचारायचं, हे चाललं का गं? यावर मात्र चांगलंच भांडण होतं.