जिवाणूंचा डीएनए : तारणारा आणि मारणारा

१८६९ साली ट्यूबिंगेनमध्ये फ्रेडरिक मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन पांढऱ्या पेशी मिळवल्या आणि त्यांच्या केंद्रकातून एक अनोळखी पदार्थ वेगळा काढला. तोच पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला. पुवातल्या त्या पेशी बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतात. जिवाणूंच्या डीएनएमुळे त्यांचा मृत्यू लांबतो हे कळायला मात्र एकविसावं शतक उजाडलं!

उशिराचं कारण साधं होतं. डीएनएची चार अक्षरं सगळ्या सजीवांत तीच, मग शरीर त्यात परकं काय ओळखणार? १९८४ मध्ये जपानमध्ये तोकुनागा, यामामोतो आणि सहकाऱ्यांनी बीसीजी या क्षयाच्या लशीतल्या जिवाणूंपासून उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठी रोखणारा एक अंश वेगळा केला. तो निघाला मुख्यतः डीएनए. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या डीएनएत हा गुण सापडेना.

फरक कशात होता, हे १९९५ मध्ये आर्थर क्रीग यांच्या गटाने दाखवलं. चार अक्षरांपैकी सायटोसिनला लागून ग्वानिन ही जोडी जिवाणूंत सर्रास आढळते. आपल्यात ती दुर्मीळ आहे, आणि असते तिथेही तिच्या सायटोसिनवर बहुधा मिथाइल गट बसलेला असतो. जिवाणूंच्या डीएनएवर तसाच गट चढवला की बी पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) चेतवण्याचा त्याचा गुण जातो. परकेपणाची खूण एवढीशीच. ती वाचणारा ग्राही, टीएलआर-९, २००० साली शिझुओ अकिरा यांच्या गटाने शोधला. तो पेशीच्या पृष्ठभागावर नसून आत, गिळलेला माल जिथे पचतो त्या एंडोसोममध्ये असतो.

पेशी जगण्या-मरण्याचा प्रश्न इथूनच येतो. शरीराबाहेर काढून ठेवलेल्या बी पेशी लवकरच आपणहून मरू लागतात. ही खूण असलेला डीएनए दिला की एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं, मृत्यू रोखणारी प्रथिनं वाढतात आणि पेशी तग धरतात. न्यूट्रोफिलच्या बाबतीत २००४ मध्ये तसंच दिसलं. संसर्ग चालू असताना हे सोयीचं असतं, पण न्यूट्रोफिल वेळेवर मेले नाहीत तर दाह रेंगाळतो, म्हणून ही देणगी मला तरी निव्वळ वरदान वाटत नाही.

शिवाय तोच डीएनए पेशीद्रवात सापडला, तर निकाल उलटा लागतो. २००९ मध्ये एआयएम-२ (AIM2) नावाच्या प्रथिनाची ओळख पटली. त्याला अक्षरांचा क्रम महत्त्वाचा वाटत नाही. दुपदरी डीएनए नको त्या जागी आहे एवढं त्याला पुरतं. ते कॅस्पेज-१ या विकराला कामाला लावतं आणि पेशी फुटून मरते. फ्रान्सिसेला जातीचे जिवाणू एंडोसोमसारख्या कप्प्यातून निसटून पेशीद्रवात वाढतात. त्यांच्यातले काही तिथेच फुटतात, त्यांचा डीएनए उघडा पडतो, आणि पेशी मेली की उरलेल्यांची वाढायची जागाच जाते.