कलम १३५ च्या आधी

कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, हे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने घातले आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) किमान ५०० कोटी, उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये असेल, तिला ते लागू होते. तेव्हापासून 'सीएसआर' (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) हा शब्द जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांच्याही तोंडी रुळला असला, तरी व्यापाराचा पैसा शिक्षणाकडे वळण्याची रीत आपल्याकडे त्याहून फार जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ती पाडली. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा उभी राहिली. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आजही त्या घड्याळाचे टोले ऐकताना व्यापाऱ्याच्या पेढीपेक्षा त्याची आईच आधी आठवते, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

पुढे दानाची जागा वसाहतीने घेतली. औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला, तेव्हा त्याच्याभोवती कामगारांचे गावच वसले. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापून ती परिसरातील शिक्षणसंस्थांना देण्याचा पायंडा पाडला. इथे दाता एकटा शेठ नव्हता. ऊस घालणारा प्रत्येक सभासद होता.

नव्या कायद्याने या परंपरेतले थोडे घेतले, थोडे गाळले. केवळ कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, म्हणजे निव्वळ कामगारांच्या मुलांसाठी चालवलेली शाळा आज या हिशेबात बसणार नाही. उलट, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलमातच म्हटले आहे. हेतू रास्त असला, तरी कारखाने पुणे, रायगड, ठाणे या पट्ट्यात दाटलेले असल्याने निधीचा ओढाही तिकडेच राहतो. हे प्राधान्य सक्तीचे नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीतील शाळेला पैसे द्यायला कायद्याची आडकाठी नाही, मात्र तसा ठराव संचालक मंडळाने मनावर घेऊन करावा लागतो.