नऊपैकी पाच: मानसिक आजारांची लक्षणयादी कुठून आली

डिप्रेशनची लक्षणे कुठेही शोधा, यादी साधारण तीच मिळते. दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, भूक किंवा वजनात फरक, झोप उडणे किंवा अतोनात येणे, हालचाल मंदावणे किंवा उगाच येरझारा घालणे, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा आपलेच काही चुकले असे सतत वाटणे, लक्ष न लागणे, मरणाचे विचार. या नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज हवीत आणि त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी हवेच. मग चारच असली तर? तेराच दिवस झाले असले तर? हे आकडे कुठल्या रक्ततपासणीतून निघालेले नाहीत. ते माणसांनी चर्चा करून ठरवले. ते ठरवण्याची वेळ का आली, हे कळायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत जावे लागते.

तेव्हा हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवत. रुग्ण दाखल झाला तेव्हा काय दिसत होते, पुढे काय झाले, घरी गेला तो कोणत्या अवस्थेत, हे सगळे त्यावर. कानात आवाज येणे, संशय घेणे, गप्प बसून राहणे ही लक्षणे अनेक आजारांत सारखीच दिसतात, म्हणून आज काय दिसते यापेक्षा आजार कसा वाटचाल करतो ते पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. १८९९ साली निघालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी मोठी विभागणी केली. एका गटातले रुग्ण सहसा उतरणीला लागत. त्याच गटाला पुढे स्किझोफ्रेनिया म्हटले जाऊ लागले. दुसऱ्या गटात उन्माद (अनावर उत्साह) आणि नैराश्याचे झटके येत-जात आणि मधल्या काळात माणूस बराचसा पूर्ववत होई. उतरणीचे त्यांचे चित्र वाजवीपेक्षा काळे होते हे पुढे दिसले, कारण स्किझोफ्रेनियाचे बरेच रुग्ण सुधारतात. तरी आज बायपोलर (उन्माद-नैराश्याचा आजार) आणि स्किझोफ्रेनिया यांच्यामध्ये जी रेघ ओढली जाते, तिचा आराखडा त्या कार्डांतूनच आला.

पुढे याच क्रेपेलिन यांचे सहकारी झालेले अलॉइस अल्झायमर. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांच्यापुढे ५१ वर्षांची ऑगस्ट डेटर आली. आजाराची पहिली ठळक खूण विसराळूपणा नव्हती, ती होती नवऱ्याबद्दलचा मत्सर. स्मृतिभ्रंशाची सुरुवात काही वेळा स्वभाव बदलण्यातून होते, आणि घरच्यांना ते भांडणच वाटत राहते. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे जसेच्या तसे टिपले. नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. ताटात फ्लॉवर आणि मांस होते. काय खाता आहात, असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितले तर ते पुरे होत नसे. ती म्हणे, ‘मी स्वतःला हरवून बसले आहे.’

१९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या परिषदेत पेशींबाहेर साठलेले थर आणि पेशींच्या आतले गुंतलेले धागे वर्णन केले. सभागृहात कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

एवढे होऊनही पुढची पाचसहा दशके हा तुलनेने तरुण वयातला दुर्मीळ आजार मानला गेला. सत्तरीतला माणूस विसरू लागला तर ते म्हातारपण, किंवा फार तर रक्तवाहिन्या कडक झाल्याचा परिणाम. १९६० च्या दशकात न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांचे मेंदू तपासले तेव्हा तेच थर आणि तेच धागे सापडले. १९७६ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात मांडले की वयाची ही भिंत कृत्रिम आहे, आजार एकच आहे. दुर्मीळ आजार मग मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये मोजला जाऊ लागला. मेंदू तेच होते, बदलली ती व्याख्या. ‘वयोमानाप्रमाणे होतेच’ हे वाक्य घराघरांत आजही ऐकू येते, ते त्या जुन्या समजुतीचेच उरलेले टोक आहे.

दुसरीकडे, ज्या आजारांत सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नव्हते, तिथे गोंधळ वाढत होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर, विशेषतः अमेरिकेत, मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनात दडलेल्या संघर्षांतून आजाराचा अर्थ लावण्याच्या पद्धतीचा, प्रभाव होता आणि निदानाच्या नेमक्या नावाला फारशी किंमत नव्हती. मग औषधे आली: १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम, १९५२ मध्ये भास-भ्रमांवर क्लोरप्रोमाझिन, त्या दशकाच्या उत्तरार्धात नैराश्यावर इमिप्रामिन. आता नाव चुकले तर औषध चुकणार होते. न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांतील निदानांची तुलना झाली. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कितीतरी जास्त. पण एकाच पद्धतीने मुलाखती घेतल्या तेव्हा हा फरक बराचसा विरघळला. म्हणजे वेगळे होते ते मुख्यतः डॉक्टर.

जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ठिकाणी असाच अभ्यास केला आणि त्यात आग्र्याचाही समावेश होता. तिथेही वॉशिंग्टन आणि मॉस्को ही दोन केंद्रे वेगळी पडली. दोन्हीकडे स्किझोफ्रेनियाची व्याख्या फारच ऐसपैस होती. शीतयुद्धातल्या दोन राजधान्यांचे निदान एवढ्याच बाबतीत जुळावे, ही गंमतच. मॉस्कोची बाजू मात्र गमतीची नव्हती. तिथे ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ नावाचे निदान होते, सुधारणांचा ध्यास हेही त्यात लक्षण धरता येई, आणि सरकारच्या विरोधात बोलणाऱ्या अनेकांना तोच शिक्का मारून कोंडण्यात आले. लक्षणांची व्याख्या सैल ठेवली की काय होऊ शकते, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल.

यावर उतारा म्हणून आकडे आले. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने १९७२ मध्ये जॉन फेनर यांच्या नावाने निकष छापले. नैराश्यासाठी उदास मनःस्थितीच्या जोडीला आठपैकी पाच लक्षणे, तीही किमान एक महिना. या गटाने आधार घेतला होता १९५७ च्या एका अभ्यासाचा. त्यात दहापैकी सहा लक्षणांची अट होती. सहाच का, असे त्या अभ्यासाच्या लेखकाला पुढे विचारले तेव्हा त्याने सांगितले की तो आकडा साधारण बरोबर वाटला, एवढेच.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी हे निकष पुढे नेले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची, डीएसएमची, तिसरी आवृत्ती निघाली. आधीची पुस्तिका १३४ पानांची होती, ही जवळजवळ ५०० पानांची. एक महिन्याची अट आता दोन आठवड्यांवर आली होती. नऊपैकी पाच ही आजची रचना १९८७ च्या सुधारित आवृत्तीत पक्की झाली. पाच का, यावर स्पिट्झर यांचेही उत्तर साधेच होते: चार कमी वाटली, सहा जास्त.

हे वाचून हसू येईल, पण मला ते प्रामाणिक वाटते. या यादीचे पहिले काम एवढेच होते की दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला एकच नाव द्यावे. आजाराचे कारण काय, हे सांगायचा तिचा दावाच नव्हता. गडबड पुढे झाली. यादी दवाखान्यातून बाहेर पडली आणि लोक तिच्याकडे निकाल म्हणून पाहू लागले.

शोकाचे उदाहरण घ्या. जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ही लक्षणे दिसली तर सहसा नैराश्य म्हणू नये, अशी सूट १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती काढून टाकली. कारण असे दिले गेले की नोकरी जाणे किंवा घटस्फोट यांना जर सूट नाही, तर मृत्यूलाच का? शिवाय शोकात आत्महत्येचा धोका असलेला माणूस उपचारांविना राहू नये. विरोधकांचे म्हणणे, दुःखालाच आजार ठरवले. मग २०२२ मध्ये प्रदीर्घ शोकविकार हे वेगळेच निदान आले: प्रौढांसाठी डीएसएममध्ये बारा महिन्यांची मर्यादा, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा.

दवाखान्यात दिसणाऱ्या प्रश्नावल्या याच कुळातल्या. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत त्याच नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज नीट वाचायची असेल तर नववा प्रश्न आधी पाहावा, कारण तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्यापुढे शून्य नसेल तर त्याच दिवशी बोलणे व्हायला हवे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. आधी केलेला प्रयत्न ही धोक्याची सर्वांत ठळक खूण, आणि ती या नऊ प्रश्नांत नाहीच.

यादीतून सुटणारे आणखी बरेच काही आहे. बायपोलर आजाराचा माणूस बहुधा नैराश्यात असताना डॉक्टरांकडे येतो आणि नऊपैकी पाच त्यालाही लागू पडतात. पूर्वी कधी कमी झोपेतही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, न थांबणारे बोलणे असे दिवस होते का, हे विचारले नाही आणि केवळ नैराश्याची गोळी दिली, तर काहींच्या बाबतीत उन्माद उसळतो. थकवा आणि मंदपणा थायरॉईडचाही असतो, विसराळूपणा बी-१२ च्या कमतरतेचाही. वृद्धांमधले नैराश्य हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखे दिसू शकते, हे १९६१ मध्येच तपशिलाने मांडले गेले होते. आणि जी व्यक्ती परवापर्यंत ठीक होती, ती आज एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. संसर्ग, क्षारांचा बिघाड, एखादे औषध असे काही मेंदूला झोडपत असते, आणि त्यात तासांना किंमत असते.

स्मृतीच्या चाचण्यांचीही अशीच अडचण. १९७५ पासून वापरात असलेल्या ३० गुणांच्या चाचणीत वाक्य लिहायचे असते, वजाबाकी करायची असते. शाळा न पाहिलेला निरोगी माणूस त्यात अडखळतो, आणि आयुष्यभर वाचन-लेखन केलेला माणूस आजार सुरू झाल्यावरही पैकीच्या पैकी मिळवून जातो. म्हणून अनुभवी डॉक्टर गुणांपेक्षा घरच्यांना विचारतात: हिशेब, औषधे, ओळखीचा रस्ता हे पूर्वीसारखे जमते का? स्मृतिभ्रंशाच्या जोखमीच्या बाजूला चित्र जरा आशादायक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये जोखीम वाढवणारे १४ घटक मोजले. त्यांत ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहेत आणि खुद्द नैराश्यही आहे. ते सगळे हटवता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज.

डीएसएमची पाचवी आवृत्ती छापण्यापूर्वी तिची चाचणी झाली, तीही मूळ प्रश्नाचीच: दोन डॉक्टर एकाच रुग्णाला वेगवेगळे भेटले तर निदान जुळते का? जुळणीच्या मापात पूर्ण एकमत म्हणजे १ आणि निव्वळ योगायोगाइतकी जुळणी म्हणजे ०. स्मृतिभ्रंशाच्या गटाला ०.७८ मिळाले, स्किझोफ्रेनियाला ०.४६. कितीतरी लोकांना गाठणाऱ्या नैराश्याला ०.२८, आणि सततच्या चिंतेच्या विकाराला ०.२०. चाळीस वर्षे घासूनपुसून घेतलेल्या यादीचा हा निकाल. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात नैराश्याच्या नऊ लक्षणांत ‘पुढे काहीच चांगले होणार नाही’ या भावनेची भर घातली आहे. तिथे आता दहापैकी पाच लागतात.