गाणी प्लेअरमध्ये गेली, परत का येत नाहीत? एकेरी वाटेची पार्श्वभूमी

सोलापुरात गाणी 'भरून' घेण्याची सवय जुनी आहे. आधी कोरी कॅसेट आणि कागदावर लिहिलेली यादी घेऊन दुकानात जायचं आणि साठ किंवा नव्वद मिनिटांत बसतील तेवढी गाणी भरून आणायची. मग एमपी३च्या सीडी आल्या आणि त्यानंतर मोबाइलचं मेमरी कार्ड. नवी पेठेत कार्ड दिलं की मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड असे फोल्डर करून भरून मिळायचं. चार भाषांच्या या गावात एकाच कार्डात चारही भाषा असणं नेहमीचंच. 'भरणं' हा शब्द कॅसेटपासून कार्डापर्यंत जसाच्या तसा आला. उलट दिशेच्या कामाला मात्र असा रुळलेला शब्द नाही, कारण ते काम फारसं कुणी केलंच नाही.

आता कपाटातून अॅपलचा जुना आयपॉड किंवा गाण्यांचा दुसरा एखादा प्लेअर निघतो. मूळ कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला असतो. घरातल्या लग्नाची तेलुगू गाणी, आजोबांचं भजन, कॅसेटवरून उतरवलेली सिद्धरामेश्वरांची पदं यांची एकमेव प्रत त्या डबीत उरलेली असते. ती कॉम्प्युटरवर घ्यायला गेलं की वाट बंद असते. ही वाट यंत्राच्या असमर्थतेमुळे बंद नाही. ती ठरवून बंद केली गेली, आणि त्यामागे १९९०च्या दशकातली भीती आहे.

कॅसेटची नक्कल काढली की आवाज थोडा खालावतो, नकलेची नक्कल आणखी खराब होते. डिजिटल नकलेत अशी झीज नाही, हजारावी प्रतही पहिलीसारखीच निघते. म्हणून अमेरिकेत १९९२ साली घरगुती ध्वनिमुद्रणाचा कायदा झाला. डिजिटल रेकॉर्डरमध्ये मूळ मुद्रणाची नक्कल होऊ द्यायची, पण नकलेवरून पुढची नक्कल अडवायची, अशी यंत्रणा त्याने सक्तीची केली. सोनीची मिनीडिस्क, म्हणजे गाणी भरायची छोटी डिजिटल चकती, त्याच वर्षी बाजारात आली आणि तिच्यात हे कुलूप होतं. पुढे २००१च्या नेटएमडीत, म्हणजे कॉम्प्युटरला जोडता येणाऱ्या मिनीडिस्कमध्ये, कॉम्प्युटरवरून गाणं डिस्कवर 'चेक-आउट' करायचं आणि परत 'चेक-इन' करायचं, असा वाचनालयासारखा हिशेब आला. एका गाण्याच्या तीन प्रती बाहेर देता येत. चेक-इन म्हणजे गाणं परत येणं नव्हे. डिस्कवरची प्रत पुसली जायची आणि शिल्लक प्रतींत एकाची भर पडायची, एवढंच. स्वतः माइकवर मुद्रित केलेलंही यूएसबीने बाहेर काढता येत नसे. जुन्या मिनीडिस्कवरची मुद्रणं कॉम्प्युटरवर घेऊ देणारं सोनीचं यंत्र यायला २००६ उजाडलं.

एमपी३ची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या कामातून आलेल्या या पद्धतीत १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दराने एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. १९९८ साली आलेल्या डायमंड रिओ पीएमपी३०० या प्लेअरची मेमरी ३२ एमबी होती, म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी. तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडायचा. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने डायमंडवर दावा लावला. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. रिओ कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेतो, म्हणून १९९२च्या कायद्यातल्या 'रेकॉर्डर'च्या व्याख्येत तो बसत नाही, आणि आपल्याजवळचीच गाणी एका जागेवरून दुसरीकडे नेणं हा वैयक्तिक वापर आहे, असं कोर्टाने म्हटलं. त्याच निकालपत्रात रिओचं वर्णन करताना आणखी एक नोंद आहे: हा प्लेअर साठवलेली फाइल कॉम्प्युटरकडे परत पाठवू शकत नाही. निकाल त्या मुद्द्यावर उभा नव्हता. तरी एकेरी वाट किती सुरुवातीपासूनची आहे, हे त्या एका ओळीत दिसतं.

आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला. आत पाच जीबीची १.८ इंची हार्ड डिस्क, जोडणी फायरवायर नावाच्या केबलने, आणि सुरुवातीला फक्त मॅकसाठी. 'गाणी चोरू नका' अशी सूचना त्याच्या वेष्टनावरच असे. तांत्रिकदृष्ट्या तो साधी बाह्य हार्ड डिस्क होता. ड्राइव्ह म्हणून उघडून त्यात कुठल्याही फाइली ठेवता येत आणि परत काढता येत, गाणी सोडून. आयट्यून्स या अॅपलच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममधून सिंक झालेली, म्हणजे आयपॉडवर उतरवलेली गाणी वेगळ्या, लपवलेल्या फोल्डरमध्ये जात. या लपवण्याची रीत समजली की बाकीचं काम सोपं होतं.

ड्राइव्हच्या मुळाशी 'आयपॉड_कंट्रोल' नावाचा लपवलेला फोल्डर असतो. त्यात 'म्युझिक', आणि म्युझिकच्या आत एफ००, एफ०१, एफ०२ असे सरळ क्रमाने फोल्डर. एफ०७ उघडला की नंतरच्या मॉडेलांवर क्यूएक्सझेडआर.एमपी३, बीएलव्हीके.एमपी३ अशा चार अक्षरी निरर्थक नावांच्या फाइली दिसतात. एकाच अल्बमची आठ गाणी आठ फोल्डरांत विखुरलेली असतात. कुठली फाइल म्हणजे कुठलं गाणं, ते 'आयपॉड_कंट्रोल'मधल्याच 'आयट्यून्स' फोल्डरमधल्या 'आयट्यून्सडीबी' या फाइलीत लिहिलेलं असतं. कापडाचे गठ्ठे वखारीत नंबर टाकून रचावेत आणि कुठल्या गठ्ठ्यात काय ते फक्त वहीत असावं, तसं हे आहे. प्लेलिस्ट आणि गाण्यांना पसंतीचे दिलेले तारेही वहीतच, गाण्याच्या फाइलीत नाहीत.

बाजारातल्या सीडीवरून आयट्यून्समध्ये घेतलेल्या गाण्यात नाव, गायक, अल्बम ही माहिती टॅग म्हणून फाइलीच्या पोटातच असते. फाइलीचं नाव गेलं तरी टॅग राहतो. पण कॅसेटवरून घरी उतरवलेल्या किंवा दुकानातून भरून आणलेल्या गाण्यांना बहुधा टॅग नसतोच. जे काही आहे ते फाइलीच्या नावात. अशी फाइल आयट्यून्समध्ये टाकली की ते फाइलीचंच नाव गाण्याचं नाव म्हणून दाखवतं आणि आयपॉडच्या वहीत उतरवतं, फाइलीच्या पोटात मात्र लिहीत नाही. म्हणून आयपॉडच्या पडद्यावर 'नंदीध्वज मिरवणूक २००४' असं स्वच्छ दिसणारं मुद्रण नुसतं म्युझिक फोल्डरमधून ओढून घेतलं तर हाती येतं 'बीएलव्हीके.एमपी३'. आवाज वाचतो, नाव जातं. सोलापूरच्या घरांत असलीच मुद्रणं जास्त मोलाची आहेत, त्यामुळे फक्त म्युझिक फोल्डर कॉपी करा हा सगळीकडे मिळणारा सल्ला इथे अपुरा पडतो.

काम असं करावं. पाठ फुगलेली असेल तर आयपॉड चार्जिंगला लावू नये आणि कॉम्प्युटरलाही जोडू नये. चाळिशीपार उन्हाळ्यात वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या लिथियम बॅटऱ्या फुगतात. आधी ती दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी. बाकी ठीक असेल तर शक्यतो आयट्यून्स नसलेल्या कॉम्प्युटरलाच जोडावं. अनोळखी आयपॉड दिसला की आयट्यून्स 'इरेज अँड सिंक' विचारतं. तिथे हो म्हटलं की आतली सगळी गाणी जातात आणि जागी त्या कॉम्प्युटरवरची लायब्ररी बसते. गाणी बऱ्याचदा या एका बटनानेच जातात. आयट्यून्स असलेलंच मशीन वापरावं लागलं तर जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही कळा दाबून धराव्यात आणि आयपॉड यादीत दिसेपर्यंत सोडू नयेत. मॅकवर त्याऐवजी कमांड आणि ऑप्शन.

ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल तर आयपॉडला ड्राइव्हसारखं उघडायला लावणारा डिस्क मोड लावावा. क्लिक व्हील असलेल्या मॉडेलवर मेन्यू आणि मधलं बटन सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरायचं आणि लगेच मधलं बटन व प्ले धरायचं. मग विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करायची आणि पूर्ण 'आयपॉड_कंट्रोल' कॉपी करायचा, नोंदवहीसकट. कट करायचं नाही. फाइली हलल्या की वहीतले पत्ते खोटे ठरतात आणि आयपॉडवर काहीच वाजत नाही. वेळेचा अंदाज: सेकंदाला १० एमबी वेग मिळाला तर ३० जीबीला सुमारे ५० मिनिटं. केबल पुढच्या ढिल्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावावी. जोडणी मध्येच तुटते ती बऱ्याचदा पुढच्या पोर्टमुळे.

आयपॉड मॅकवर फॉरमॅट झालेला असेल तर विंडोज तो वाचत नाही आणि 'फॉरमॅट करू का' विचारतं. नाही म्हणावं. अशा वेळी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह करून त्यावरून कॉम्प्युटर चालू करणं सर्वांत सोपं. त्याला दोन्ही प्रकारच्या डिस्क वाचता येतात, आणि रिदमबॉक्ससारखा प्रोग्राम आयपॉडची वही वाचून गाणी खऱ्या नावांनिशी दाखवतो. ही सोय स्वयंसेवक प्रोग्रामरांनी वहीची रचना बाइट-बाइट उलगडून उभी केली. सप्टेंबर २००७च्या मॉडेलांपासून अॅपलने वहीत पडताळणीचा एक कूट आकडा घातला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने लिहिलेली वही आयपॉड मानेनासा झाला. ती गाठही थोड्याच दिवसांत सोडवली गेली, आणि वही नुसती वाचायला तिची अडचण कधी नव्हतीच. मॅकवर 'सेन्यूटी' नावाचा प्रोग्राम हेच काम करायचा. ते नाव म्हणजे आयट्यून्सची रोमन अक्षरं उलट्या क्रमाने.

अॅपलने स्वतः २००६च्या आयट्यून्स ७ मध्ये वाट किलकिली केली. आयपॉडवरून कॉम्प्युटरवर गाणी घेता येऊ लागली, पण फक्त आपल्या स्टोअरमधून विकत घेतलेली, आणि जास्तीत जास्त पाच अधिकृत कॉम्प्युटरांवर. स्टोअरच्या गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्ये निघालं. भारतात आयट्यून्स स्टोअर आलं डिसेंबर २०१२ मध्ये. म्हणून आपल्याकडच्या खात्यावर विकत घेतलेलं गाणं कुलूपबंद नसतं. 'एम४पी' शेवट असलेली फाइल सापडली तर ती बहुधा परदेशातल्या खात्यावर २००९ आधी घेतलेली.

डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा जोडून बघू नये. डीडी-रेस्क्यूसारख्या प्रोग्रामने आधी सगळ्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीत पूर्ण नक्कल, घ्यावी आणि फाइली तिच्यातून काढाव्यात.

स्वस्त चिनी प्लेअर आणि मोबाइलची कार्डं यांत ही लपवाछपवी नाही. ती पेनड्राइव्हसारखी उघडतात. तिथली दुखणी वेगळी. कार्ड चालू असताना ओढून काढलं आणि नंतर विंडोजने दुरुस्ती केली, की 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके शेवटाच्या फाइली पडतात. त्या बऱ्याचदा गाणीच असतात, शेवट बदलून एमपी३ केला की वाजतात. ३२ जीबी लिहिलेलं कार्ड प्रत्यक्षात चारच जीबीचं असेल तर यादीत नावं दिसतात आणि गाणं वाजत नाही. ते परत मिळवता येत नाही, कारण ते कार्डावर लिहिलंच गेलेलं नसतं. एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने कार्डाची खरी क्षमता कळते, पण ती चाचणी कार्ड रिकामं करून मगच करायची. याच प्लेअरांवर माइकने केलेली मुद्रणं कधी 'एसीटी' शेवटाची असतात. विंडोज ती वाजवत नाही, एफएफएमपेग हा प्रोग्राम त्यांची डब्ल्यूएव्ही, म्हणजे सगळीकडे वाजणारी साधी ध्वनिफाइल, करून देतो.

सोनीच्या काही प्लेअरवर 'ओएमजीऑडिओ' फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाच्या फाइली दिसतात. त्या कॉपी होतात, पण कुलूपबंद असल्याने वाजत नाहीत. काही प्लेअर ड्राइव्ह म्हणून नव्हे, तर एमटीपी नावाच्या पद्धतीने जोडले जातात. अशा प्लेअरला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. तो फाइल एक्स्प्लोररमध्ये उपकरण म्हणून उघडायचा आणि थोड्या थोड्या फाइली घ्यायच्या, कारण एका दमात हजार ओढल्या की कॉपी मध्येच अडकते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला मुभा देतं. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या ६५ए कलमाखाली हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. घरच्या मुद्रणाला यातलं काहीच आडवं येत नाही.

गाणी उतरली की नावं फाइलीच्या पोटात लिहून टाकावीत. एमपी३टॅग या प्रोग्राममध्ये शेकडो फाइलींचं काम एकदम होतं. आयडी३ या टॅग-पद्धतीची २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ या युनिकोड प्रकारासह निवडली की देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिप्या नीट बसतात. पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट होते आणि युनिकोड नव्हतं. जुनी नावं श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेली असली तर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. ती नावं गेलेली नसतात, युनिकोड कन्व्हर्टरमधून काढली की वाचता येतात. सिनेमाच्या गाण्यांची ओळख म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्राम आवाजावरून पटवू शकतो. घरच्या भजनाला मात्र कुणीतरी ऐकूनच नाव द्यावं लागतं, आणि तो आवाज ओळखणारं माणूस घरात आहे तोवर ते करून घ्यावं.

जिथे कुलूप निघत नाही किंवा यूएसबी पोर्टच मेलेला आहे, तिथे हेडफोनच्या भोकातून काढायचं. दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली केबल आणि लाइन-इन असलेलं बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. लॅपटॉपच्या एकाच भोकात माइकचं इनपुट असतं, ते मोनो असतं आणि आवाज फाटतो. प्लेअरचा इक्वलायझर बंद, आवाज पाऊणपर्यंत, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ४४,१०० हर्ट्झ स्टीरिओ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. साठ मिनिटांचं मुद्रण उतरायला साठ मिनिटंच लागतात, पूर्वी कॅसेट भरायला लागायची तेवढीच.