गॅरेजच्या कोब्यावर कोणता लेप टिकतो?

दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये दिवसभरात जमिनीवर इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल, ब्रेक ऑइल, कूलंट, थिनर आणि बॅटरीतले ॲसिड असे बरेच काही सांडते. हे सगळे द्रव एकाच प्रकारचे नसल्याने त्यांपैकी एकाला दाद न देणारा लेप दुसऱ्यापुढे मऊ पडू शकतो. त्यामुळे लेपाची निवड रंगांच्या तक्त्यावरून न करता आपल्या जमिनीवर नेमके काय सांडते, आणि तेवढेच महत्त्वाचे म्हणजे त्या जमिनीखाली काय आहे, यावरून करायला हवी.

कोबा दगडासारखा दिसत असला तरी तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. तेल या छिद्रांत मुरते आणि डाग पाडते. ॲसिडचे तसे नाही. मोटारीच्या बॅटरीतील द्रवात वजनाने साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक आम्ल असते. सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन जिप्सम तयार होते, त्याचे आकारमान वाढते आणि पृष्ठभाग फुगून भुसभुशीत होतो. शहाबादी किंवा कोटा फरशीलाही यातून सुटका नाही, कारण हे दोन्ही चुनखडक आहेत आणि ॲसिड पडताच त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येऊ लागतात.

स्वस्त पडतो म्हणून कोब्यावर साधा ऑइल पेंट लावण्याची पद्धत अजून दिसते, पण ते पैसे वाया जातात. या रंगातील तेलजन्य घटकांचे, ओल आणि अल्कली एकत्र आली की, अक्षरशः साबणात रूपांतर होते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

इपॉक्सी या कृत्रिम राळेच्या लेपाचे रसायन निराळे आहे. तिचे दोन भाग असतात. एकात राळ आणि दुसऱ्यात अमाइन या रसायनवर्गातील हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारा द्रव असतो. दोन्ही मिसळल्यावर राळेच्या रेणूंच्या टोकांशी असलेली ताणलेली वलये उघडतात, हार्डनर त्यांना एकमेकांशी जोडतो आणि सर्व दिशांना बांधलेले एक जाळे तयार होते, जे नंतर कितीही तापवले तरी पुन्हा वितळत नाही. हे जाळे जितके दाट असेल तितके बाहेरच्या द्रवाला आत शिरणे कठीण होते. पेट्रोल, डिझेल, वंगण आणि सौम्य आम्ले साध्या इपॉक्सीला सहसा फारशी इजा करत नाहीत. ब्रेक ऑइल मात्र ग्लायकॉल ईथर प्रकारचे असते आणि ते साचून राहिले तर लेप मऊ होतो, म्हणून ते लगेच पुसून घ्यावे. तीव्र आम्लासाठी नोव्होलॅक इपॉक्सी वापरतात. तिच्या प्रत्येक रेणूवर जोडणीच्या जागा जास्त असल्याने जाळे अधिक दाट विणले जाते. ती महाग असते आणि संपूर्ण जमिनीवर लावण्याची गरज क्वचितच पडते. बॅटरी चार्ज करण्याचा कोपरा तेवढा नोव्होलॅकचा केला तरी भागते. घरच्या पार्किंगला तर तिची जरूरच नाही.

इपॉक्सीच्या दोन उणिवा आहेत. खोलीच्या तापमानाला पक्की झालेली साधी इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि विदर्भातल्या मे महिन्यात महामार्गावरून आलेल्या गाडीचे टायर सहज तेवढे तापलेले असतात. असा टायर थंड होताना, खालची पकड कच्ची असेल तर, लेपाचा तुकडाच उचलून नेतो. दुसरे म्हणजे उन्हातील अतिनील किरणांनी ती पिवळी पडते. म्हणून शटरजवळच्या भागात इपॉक्सीवर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा थर देतात. हा थर ओरखड्यांनाही चांगला तोंड देतो. पॉलिॲस्पार्टिक हा त्याचाच झटपट सुकणारा भाऊबंद होय. तो काही तासांत चालण्याजोगा होतो खरा, पण आपल्या उन्हाळ्यात कामगाराच्या हातातच घट्ट होऊ लागतो. या दोन्हींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि त्याने दम्यासारखा त्रास जडू शकतो, हे कंत्राटदार क्वचितच सांगतात.

एवढी चोखंदळ निवड केल्यावरही लेप सुटतात आणि बहुतेक वेळा त्याचे कारण लेपाच्या खाली असते. तळमजल्याच्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर जमिनीतली ओल वर चढत राहते. कोकणात हे सर्रास घडते. ती तपासण्याची सोपी रीत अशी, की सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावे. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा कोबा काळपट दिसला तर साधी इपॉक्सी लावू नये. अशा जागी ओल सोसणारा प्रायमर किंवा पॉलियुरेथेन आणि सिमेंट यांचे काही मिलिमीटर जाडीचे मिश्रण घेतात. जुन्या गॅरेजमध्ये मुरलेले तेल हा आणखी मोठा शत्रू आहे. जमिनीवर पाण्याचे थेंब शिंपडावेत. ते न शोषले जाता मोत्यांसारखे उभे राहिले, तर तिथे तेल किंवा जुना लेप आहे असे समजावे. तेल काढून मशीनने वरचा थर घासून खरबरीत केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस थांबावे.

पावसाळ्यात हे काम टाळलेलेच बरे. दमट हवेत हार्डनरमधील अमाइन, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून पृष्ठभागावर चिकट, धुरकट साय धरते आणि तिच्यावर पुढचा थर बसत नाही. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त असावे लागते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ते सहज जमते. पहिला थर ओला असतानाच त्यावर क्वार्ट्झची वाळू पेरली तर तेल सांडल्यावर पाय घसरत नाही. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर चालता येत असले तरी तिचे जाळे पूर्ण बांधले जायला साधारण सात दिवस लागतात, आणि तोवर तिच्यावर गाडी आणू नये, ॲसिडचा कॅन तर मुळीच ठेवू नये.