शेवटच्या दहा मिनिटांतला पाहुणा

मार्च 2012 मध्ये ‘मास इफेक्ट 3’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि काही दिवसांतच त्याचे चाहते दोन उद्योगांना लागले. एक, शेवटाबद्दल तक्रार करणं. दुसरा, तो शेवट नव्याने लिहिणं. तक्रार काय, सगळेच करतात. दुसऱ्या उद्योगात मात्र माणसाचं मन कसं चालतं याचा फार चांगला नमुना आहे, आणि त्याकडे ‘रिकामपणचे धंदे’ म्हणून बघणं मला पटत नाही.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने रचलेली ही तीन भागांची अंतराळकथा. पहिला भाग 2007 चा, दुसरा 2010 चा. खेळणारा कमांडर शेपर्ड होतो, माणसं जोडतो, तोडतो, कुणाला वाचवतो, कुणाला मरू देतो. हे निर्णय सेव्ह फाइलमधून, म्हणजे खेळाची प्रगती साठवणाऱ्या फाइलमधून, पुढच्या भागात जातात. पहिल्या भागात गमावलेला साथीदार तिसऱ्या भागात परत येत नाही. म्हणजे प्रत्येकाची कथा थोडी थोडी वेगळी, आणि ती आपण घडवली ही भावना पाच वर्षं मुरलेली.

लढाई असते ती रीपर नावाच्या महाकाय यंत्रांशी. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन ती प्रगत संस्कृती पुसून टाकतात. या लढाईच्या अगदी शेवटच्या मिनिटांत, आधी कधीही न भेटलेलं एक पात्र समोर येतं. लहान मुलाच्या रूपातली ती एक कृत्रिम बुद्धिमत्ता, रीपरांची सूत्रधार. यंत्रं आणि त्यांचे निर्माते यांच्यात युद्ध अटळ आहे, असं ती सांगते आणि तीन पर्याय ठेवते: रीपर नष्ट कर, त्यांच्यावर ताबा मिळव, किंवा सजीव आणि यंत्रं एकरूप कर.

इथेच ठिणगी पडली. कारण काही तासांपूर्वीच, नीट खेळलं असेल तर, शेपर्डने गेथ ही यंत्रजात आणि त्यांना बनवणारे क्वेरियन यांच्यात समेट घडवलेला असतो. ‘अटळ’ म्हणणाऱ्याला हे जिवंत उत्तर. पण ते त्या मुलाला सुनावण्याची सोयच खेळात नव्हती. आणि कोणताही पर्याय निवडा, पुढची चित्रफीत जवळपास तीच, फक्त प्रकाशाचा रंग लाल, निळा किंवा हिरवा. चाहत्यांनी कंपनीला सुमारे 400 कपकेक पाठवले. वरचं आयसिंग लाल, निळं, हिरवं. चव सगळ्यांची एकच. निषेधाच्या याच मोहिमेतून त्यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठी 80 हजार डॉलरहून अधिक रक्कमही उभी केली.

शंभरेक तासांचा आनंद दहा मिनिटांनी नासतो कसा? 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी 32 जणांना थंड पाण्यात हात बुडवायला लावला. एकदा 60 सेकंद, 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढवलं. नंतर विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? 22 जणांनी जास्त वेळाचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रयोग निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवण एकूण वेळेचा हिशेब ठेवत नाही. तीव्र क्षण आणि शेवट यांना ती फार वजन देते. गोष्ट म्हणजे थंड पाणी नव्हे, हे मान्य. तरी ‘सगळंच वाया गेलं’ ही चाहत्यांची भाषा याच खोडीतून येते असं मला वाटतं.

पण शेवट आवडला नाही इतकंच असतं, तर कुणी काहीही बदललं असतं. लोक नेमकं काय बदलतात, हा खरा मौजेचा प्रश्न. त्याचं उत्तर कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांच्या 1982 च्या एका प्रयोगात सापडतं. त्यात लोकांना जोन्स नावाच्या गृहस्थाची गोष्ट वाचायला दिली. ऑफिसातून घरी जाताना चौकात एक भरधाव ट्रक त्यांच्या गाडीवर आदळतो आणि ते मरतात. ट्रक नशेतला एक पोरगा चालवत असतो. काहींच्या गोष्टीत जोन्स त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्याने जातात, काहींच्या गोष्टीत नेहमीपेक्षा लवकर निघतात. मग वाक्य पुरं करायला सांगितलं: ‘जर त्या दिवशी…’

ज्यांच्या गोष्टीत रस्ता वेगळा होता त्यांच्यापैकी अनेकांनी रस्ता बदलला. ज्यांच्या गोष्टीत वेळ वेगळी होती त्यांच्यात वेळ बदलणारे कितीतरी जास्त निघाले. जोन्स चौकात दोन-तीन सेकंद आधी पोचले असते तरी वाचले असते, पण हे कुणीही लिहिलं नाही. घडलेलं मनातल्या मनात पुसताना आपण वाटेल ते पुसत नाही. जे नेहमीचं नव्हतं, बहुधा तेच काढतो आणि गोष्ट सरळ मार्गावर आणतो. अनपेक्षित गोष्ट काढून टाकण्याला या दोघांनी उताराचा बदल म्हटलं, नवी अनपेक्षित गोष्ट घुसवण्याला चढाचा. मन उताराकडे धावतं.

आता चाहत्यांनी केलेलं ‘हॅपी एंडिंग मॉड’ बघा. मॉड म्हणजे खेळाच्या मूळ फायलींत फेरफार करणारी जोडणी. या मॉडने युद्ध टाळलं नाही, रीपर दुबळे केले नाहीत, कुठून नवी फौज आणली नाही. त्याने त्या मुलाशी होणारी भेट काढून टाकली. रीपरांविरुद्ध महिनोन्‌महिने बांधलेलं अस्त्र चालतं, रीपर नष्ट होतात, शेपर्ड वाचतो. उताराचा बदल, अगदी जोन्ससारखा. मॉड करणाऱ्याला मूळ नटांचे नवे आवाज मिळणार नव्हते, त्यामुळे आहे त्या साहित्यातूनच जोडकाम करणं भाग होतं, हेही खरं. पण कागदावर शेवट लिहिणाऱ्यांना ही अडचण नव्हती, आणि त्यांचाही राग त्या मुलावरच होता.

दुःखाला त्यांचा विरोध होता असंही नाही. याच खेळात मॉर्डिन नावाचा शास्त्रज्ञ आपल्याच जुन्या पापाची दुरुस्ती करताना प्राण देतो. तो प्रसंग चाहत्यांना मनापासून प्रिय आहे, कारण ते मरण त्याच्या स्वभावातून येतं.

एका गटाने तर एकही दृश्य न बदलता शेवट पालटला. रीपर माणसाच्या मनाचा हळूहळू ताबा घेतात, हे खेळातच पहिल्यापासून सांगितलेलं. मग शेवट हा शेपर्डच्या मनातला भास का नसावा? यालाही त्यांनी पुरावे काढले: सुरुवातीला दिसणाऱ्या, त्याच चेहऱ्याच्या मुलाशी शेपर्डशिवाय कुणीच बोलत नाही. इथेही उपरा पाहुणा हद्दपार, फक्त कात्री न लावता.

लेखकांची बाजूही समजून घ्यायला हवी. दोन पर्यायांचे 10 निर्णय घेतले तर 1,024 वेगवेगळ्या वाटा होतात. 20 घेतले तर 10,48,576. प्रत्येक वाटेला संवाद, आवाज, हालचाली द्यायच्या तर कोणतीही कंपनी बुडेल. म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणाव्याच लागतात. माझा आक्षेप त्याला नाही. वाटा जुळवायला शेवटी अनोळखी पात्र आणलं, हे चुकलं. खेळणाऱ्याने जोडलेल्यांपैकीच कुणाच्या तरी हातून त्या जुळल्या असत्या, तर तीनच शेवटही लोकांनी पचवले असते.

जून 2012 मध्ये कंपनीने विस्तारित शेवट फुकट दिला. त्यात मुलाशी बोलणं वाढलं, पर्यायांचे परिणाम दाखवले, तिन्ही पर्याय नाकारण्याची चौथी वाटही आली. ती घेतली तर मात्र पराभव. काहींचं समाधान झालं. पण मूल तिथेच राहिलं. 2021 मध्ये तिन्ही भागांची नवी एकत्रित आवृत्ती आली तीही हाच शेवट घेऊन, आणि चाहत्यांनी तिच्यासाठीही सुखान्त शेवटाचं मॉड नव्याने बनवलं.